ऐंशी झाले की गाडी काढा

पहाटे ५.१५
पार्किंगमधला पंधरा अँपिअरचा पॉइंट बंद करते, चार्जिंगची गन काढते, वायर गुंडाळून डिकीत ठेवते. रात्री नऊला लावलेली गाडी शंभर टक्के भरली आहे. एरवी मी शंभर करत नाही, पण आज पल्ला लांबचा आहे. डायलिसिस मशीनची देखभाल-दुरुस्ती हे माझं काम. कोथरूडहून पनवेल, तिथून पेण आणि खोपोलीवरून परत, असे साधारण २६५ किलोमीटर होतात. बॅटरी ४०.५ युनिटांची, आणि माझ्या हाताला गाडी युनिटमागे सात किलोमीटर देते. हिशेबाने पुरते, पण पाऊस, एसी आणि समोरचा वारा त्या हिशेबात धरलेला नसतो.

निघण्याआधी वाकून गाडीखाली बघते. इंजिनाचा आवाज झाला की खाली झोपलेलं कुत्रं उठून जातं. ही गाडी सुरू झालेली त्याला कळतच नाही. फिरायला निघालेल्या आजी-आजोबांनाही ती मागून येताना नीट ऐकू येत नाही. मोठा रस्ता लागेपर्यंत मी सायकलच्या वेगाने जाते.

सकाळी ६.००
मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. हिरव्या पाटीच्या, म्हणजे विजेवरच्या मोटारींना इथे ऑगस्ट २०२५ पासून टोल नाही. सपाटीला शंभरची मुभा असली तरी मी पंच्याऐंशीवर राहते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो सगळा बॅटरीतून जातो. शंभरने जाऊन या मार्गाच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांत दहाएक मिनिटं वाचतील. तीच पुढे चार्जरपाशी उभं राहून द्यावी लागतात.

सकाळी ६.४५
लोणावळा, ७७ टक्के. आता साडेपाचशे मीटरचा उतार. स्टिअरिंगमागच्या पॅडलने रिजेन वाढवते. पाय उचलला की मोटर उलट्या कामाला लागते, चाकं तिला फिरवतात आणि वीज बॅटरीत परत येते. ब्रेकला पाय क्वचितच लागतो. खोपोलीच्या अंगाला उतरते तेव्हा आकडा ७९ असतो. लोणावळ्यात मुक्काम करून शंभर टक्के भरून निघणाऱ्याला मात्र हे मिळत नाही. भरलेल्या बॅटरीत उतार मावत नाही.

सकाळी ८.००
पनवेल, ६५ टक्के. रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात पहिली पाळी सुरू आहे. एका रुग्णाला मशीनवर साधारण चार तास लागतात, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. एक मशीन बंद पडलं की त्यावरच्या सगळ्या पाळ्या पुढे सरकतात, आणि बाहेर बाकावर सुजलेल्या पायांनी बसलेल्या माणसाचा दिवस लांबतो. म्हणून काम वेळेत संपवायचं असतं. ब्लड पंप तपासते, कंडक्टिव्हिटी आणि तापमान जुळवते, मशीन सिस्टरांच्या ताब्यात देते.

दुपारी १२.३०
पेण, ५३ टक्के. गाडी झाडाच्या सावलीत लावते. तापलेली गाडी थंड करायला एसी जास्त वीज खातो, आणि ती किलोमीटरांतूनच वजा होते. इथे दोन मशीनं आहेत. तीन वाजता डबा खाते.

दुपारी ४.१५
खोपोलीजवळ एका हॉटेलच्या आवारातला चार्जर. माझ्याकडे ४२ टक्के आहेत. घाट चढायला दहा, पुढे घरापर्यंत तेवीस. पोचले तर नऊ टक्क्यांवर पोचेन. संध्याकाळी घाटात इतक्या कमी शिलकीवर जायचं नाही, हा माझा नियम.

ॲपवर दोन्ही गन चालू दाखवत होत्या. प्रत्यक्षात एक बंद आहे. दुसरीला लागलेल्या गाडीच्या पडद्यावर ९४ टक्के दिसतात आणि मालक आत जेवतायत. वॉचमनकाका जाऊन सांगून आले. "शंभर झाले की काढतो म्हणतात."

शेवटची टक्केवारी हळू भरते. ऐंशीच्या पुढे सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेजवळ येतं, तेव्हा गाडी स्वतःच वीज कमी घेऊ लागते. तसं केलं नाही तर सेल खराब होतील. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासाइतका वेळ जाऊ शकतो.

एवढ्यात मागे एक टॅक्सी आली. हिरवी पाटी, पिवळी अक्षरं. मागच्या सीटवर एक म्हातारं जोडपं.

"ताई, तुमचे किती आहेत?"
"बेचाळीस. तुमचे, दादा?"
"चौदा. एवढ्यावर घाट नाही चढायचा."

संध्याकाळी ४.५५
जेवायला बसलेले गृहस्थ आले, गाडी काढून गेले. मी ऐंशी करणार होते. त्याला पस्तीसेक मिनिटं लागली असती. मागच्या सीटवरच्या आजींनी चप्पल काढून पाय वर घेतले होते. मला सकाळचा बाक आठवला. पंधरा मिनिटांत साठ होताच गन काढून दादांच्या हातात दिली.

संध्याकाळी ५.४५
घाट चढून लोणावळा, ५० टक्के. सकाळी जो उतार दोन टक्के देऊन गेला, तोच चढ दहा घेऊन गेला.

रात्री ७.४०
वाकडपासून वाहतूक तुंबलेली. उभ्या गाडीत मोटर काही खात नाही. एसी तेवढा चालू. घरी २७ टक्के. गन लावते. सकाळपर्यंत पुरती भरणार नाही, पण उद्या काम पुण्यातच आहे.

आज मला साठ पुरले. घरी पॉइंट असेल तर शंभर करायचे ते तिथे करा; रात्र मोठी असते. रस्त्यावरच्या चार्जरवर पुढच्या ठिकाणापुरतं आणि थोडं शिलकीला, इतकंच घ्या. जेवायला बसलात तर फोन जवळ ठेवा, आणि ऐंशी झाले की ताटावरून उठावं लागलं तरी गाडी काढा. मागच्याला घाट चढायचा असतो.