आकाशातून नजर पैसेवारी

सेंटिनेल-२ मालिकेतले युरोपीय उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून जमिनीची जी चित्रे घेतात, त्यांतला सर्वांत बारीक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद भरतो. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. मीटरमध्ये मोजला तर दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. हा निव्वळ योगायोग. मोजणीदाराची ३३ फुटी साखळी आणि अवकाश अभियंत्यांचा कॅमेरा यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण त्यामुळे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची एक सोय झाली आहे. आपले शेत वरून किती ठिपक्यांचे दिसते हे जाणून घ्यायचे, तर सातबारा काढून गुंठे पाहावेत. जितके गुंठे, साधारण तितके ठिपके.

ही चित्रे कुणालाही फुकट मिळतात, दर पाच-सहा दिवसांनी नवी येतात, आणि गेल्या काही वर्षांत ती वाचण्याचे काम माणसाकडून संगणकाकडे गेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा नोकऱ्या आणि परीक्षांच्या अंगाने होते. ज्या घरात कुणी संगणकाला हात लावलेला नाही, त्या घरातही ती येऊन पोहोचली आहे. तालुका दुष्काळी ठरला की नाही, विम्याचा पैसा किती आला, काही ठिकाणी तर उसाला तोड कधी मिळाली, या गोष्टींत तिचा हात आहे.

पूर्वी हे काम डोळ्यांनी होई. खरीप संपत आला की तलाठी, मंडळ अधिकारी, सरपंच अशी गावसमिती पीक रुपयाला किती पैसे आले याचा अंदाज घेई. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, मग सुधारित, शेवटी अंतिम. आकडा पन्नास पैशांच्या खाली गेला की टंचाई. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात.) पद्धत सदोष होती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. एका बांधाच्या अलीकडे ४८ पैसे आणि पलीकडे ५२ पैसे कसे, हा प्रश्न पारावर दर काही वर्षांनी निघायचाच. पण आकडा ज्याने लिहिला तो माणूस गावात येत-जात असे आणि त्याला गाठून भांडता येत असे.

२०१६ साली केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली. तीत पावसाच्या तुटीबरोबर उपग्रहावरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक, जमिनीतला ओलावा, धरणे आणि भूजलाची स्थिती हे निकष आले. यांतले पुरेसे निकष जुळले की तालुक्यातल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी करायची. या पद्धतीने ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पहिल्या टप्प्यात ४० झाले. मग ओरड झाली आणि वगळलेल्या भागांतल्या नऊशेहून अधिक महसूल मंडळांना दुष्काळसदृश ठरवून सवलती द्याव्या लागल्या. सवलती म्हणजे जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांचे परीक्षा शुल्क माफ, गरज तिथे टँकर. घराच्या हिशेबात या गोष्टी लहान नाहीत. त्या निर्देशांकाच्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर हलू लागल्या आहेत.

त्या निर्देशांकाचे नाव एनडीव्हीआय. हिरवे पान लाल प्रकाश जवळजवळ गिळून टाकते, कारण हरितद्रव्याला अन्न तयार करायला तो लागतो. त्याच्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या सच्छिद्र पेशींवर आपटून परत फिरतो. समजा, एखाद्या जोमदार शेताने १०० पैकी ५ भाग लाल आणि ४५ भाग अवरक्त परतवला. दोघांतला फरक ४०, बेरीज ५०, भागाकार ०.८. नांगरलेली जमीन २० भाग लाल आणि २५ भाग अवरक्त परतवत असेल, तर तिचा आकडा ०.११ च्या आसपास येतो. पान पिवळे पडू लागले की लाल परतू लागतो, पेशी खचल्या की अवरक्त घटतो आणि आकडा उतरतो.

भारतात या युक्तीची सुरुवात माडांपासून झाली. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेतली. मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडे त्यांत निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता आली. हे पिशारोटी म्हणजे पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. १९८८ साली भारताचा आयआरएस-१ए उपग्रह वर गेला आणि त्याच वर्षी नागपुरात राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. म्हणजे आकाशातून शेत पाहणे नवे नाही. पूर्वी नकाशावर रंग भरायला प्रशिक्षित माणूस बसत असे. आता लाखो ठिपक्यांच्या हंगामभराच्या आलेखांवरून संगणक स्वतःच ठरवतो की हे सोयाबीन आणि ती तूर.

ठरवतो कसा? प्रत्येक पिकाच्या हिरवाईला स्वतःची चाल असते. सोयाबीन जूनअखेर उगवते, ऑगस्टमध्ये शेत झाकते आणि शंभरेक दिवसांत पाने गाळून मोकळे होते. कापूस रेंगाळतो. तूर डिसेंबरपर्यंत उभी असते, आडसाली ऊस तर दीड वर्ष हलत नाही. ज्या शेतांत काय पेरले आहे हे पक्के ठाऊक आहे, अशा हजारो शेतांचे आलेख संगणकातल्या मॉडेलला दाखवले जातात. मग ते अनोळखी शेताचा आलेख पाहून पीक सांगते. पिकाचे नाव कळले की हवामानाची आकडेवारी जोडून उत्पादनाचा अंदाजही काढते.

कागदावर हे झकास दिसते. पण सोयाबीन ज्या महिन्यांत वाढते त्याच महिन्यांत मराठवाडा-विदर्भावर ढग असतात आणि ढगाखालचे शेत या कॅमेऱ्याला दिसत नाही. जुलै-ऑगस्टमधली निम्मी चित्रे पांढरी निघाली तर आलेखाला खिंडारे पडतात. म्हणून रडारचा आधार घ्यावा लागतो. सेंटिनेल-१ चे रडार साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडते. त्या ढगांतून आरपार जातात आणि पिकाची घडण व ओलावा यांनुसार कमी-अधिक परततात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला, इस्रो आणि नासा यांनी मिळून केलेला निसार हा उपग्रह त्याहून लांब, सुमारे २४ सेंटिमीटरच्या लहरीही वापरतो. त्या पानांत अडकून न पडता खालपर्यंत जातात, त्यामुळे मातीतल्या ओलीचा अंदाज बरा येतो.

ढगांचे कोडे असे थोडेफार सुटते. वाटण्यांचे सुटत नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे १३४ ठिपके. तेही बहुधा एकसंध नसते. भाऊवाटणीत प्रत्येकाला रस्ता आणि विहिरीचे पाणी मिळावे म्हणून शेताच्या लांबलचक पट्ट्या पडतात. वीस मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब अशी एक पट्टी घेऊ. क्षेत्र जवळपास एक एकर, चाळीस ठिपके. पण उपग्रहाची चौकट बांध पाहून बसत नाही. ती अर्ध्या ठिपक्याने सरकलेली असेल, तर मधली वीस ठिपक्यांची रांग तेवढी निखळ त्या शेताची. दोन्ही कडांच्या ठिपक्यांत निम्मे शेजाऱ्याचे पीक, बांधावरची बाभूळ आणि गाडीवाट. पट्टी तिरकी असेल तर आणखी घट. पाण्याचा ताण ओळखायला जो लघुलहरी-अवरक्त पट्टा वापरतात, त्याचा ठिपका तर वीस मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. अमेरिकेतल्या आयोवातल्या मक्यावर हे तंत्र फार नेमके चालते, कारण तिथले एकेक शेत आपल्या कितीतरी शेतांएवढे असते. आपल्याकडे सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीची एक ओळ असते आणि मॉडेलला दोहोंतले एक नाव सांगायचे असते.

त्याहून मोठी अडचण अशी की हिरवे दिसते ते सगळे पीक नसते. दुष्काळी तालुक्यातही कालव्याकाठचा ऊस, माळावरची वेडी बाभूळ आणि उशिराच्या पावसाने माजलेले तण मिळून सरासरी सावरून धरतात. कपाशीची बोंडे पावसाने सडली तरी झाड हिरवेगार असते. सोयाबीनचे तर काय सांगावे! पाने गळून शेंगा वाळल्या की उपग्रहाच्या लेखी ते पीक संपले. नंतर परतीचा पाऊस झोडपतो, शेंगांतल्या दाण्याला मोड फुटतात, कापून लावलेली गंजी खालून काळी पडते. हे नुकसान शेतकऱ्याच्या मुठीतल्या दाण्यावर दिसते, एनडीव्हीआयच्या आलेखावर दिसत नाही. निर्देशांक खोटे बोलत नाही. तो फक्त पानाबद्दल बोलतो, आणि बाजारात पान विकले जात नाही.

उसात हा हिशेब थोडा निराळा लागतो, कारण तिथे पानाखालचे कांडेच विकायचे असते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात मायक्रोसॉफ्टच्या तंत्राने झालेल्या ऊसप्रयोगाचे नाव जानेवारी २०२५ मध्ये खुद्द कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला यांनी घेतले आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत तो पोहोचला. जमिनीत संवेदक, शेतावर हवामान केंद्र, वरून उपग्रह, आणि या सगळ्यांचा मेळ घालून मोबाइलवर मराठीत सल्ला: आज पाणी द्या, अमुक भागात खत कमी पडले आहे. पाटपाण्यावर वाढलेल्या उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी पाजण्याची आपली सवय पाहता, यातला ‘आज पाणी देऊ नका’ हा सल्लाच सर्वांत मोलाचा ठरावा. उत्पादनवाढीच्या दाव्यांकडे मात्र जरा सबुरीने पाहावे. ज्या शेतकऱ्याने संवेदक बसवले त्याने बेणे, खत आणि ठिबकही नीट केलेले असते. त्यातला नेमका कोणता वाटा एआयचा, हे एका हंगामात वेगळे काढता येत नाही. शिवाय उसाने शेत झाकले की एनडीव्हीआय वरच्या पट्टीला टेकतो आणि चांगला ऊस व फार चांगला ऊस यांत त्याला फरक करता येत नाही. मुळे खाणारी हुमणी तर पान पिवळे पडेपर्यंत त्याच्या गावीही नसते.

काही साखर कारखान्यांनी पक्वतेचे उपग्रह नकाशे पाहून तोडणी लावायला सुरुवात केली आहे. ऊस पिकतो तशी पानांतली ओल आणि नत्र उतरते, ते वरून टिपता येते. एरवी तोडणीचा क्रम लागवडीच्या नोंदीवर ठरतो. निदान तसा ठरावा अशी अपेक्षा असते. तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयची मर्जी, संचालकाचा फोन आणि टोळीला द्यायची ‘खुशाली’ यांची गणिते ज्यांना माहीत आहेत, त्यांना नकाशा कितीही अपुरा असला तरी बरा वाटेल. मात्र पाण्याअभावी सुकणारा ऊससुद्धा नकाशात पिकल्यासारखा दिसू शकतो. म्हणून शेतकी विभागाचा माणूस कांड्याला भोक पाडून, रसाचा थेंब गोडी मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर ठेवून खातरजमा करतो. ही जोडी बरी आहे. कुठे जायचे ते नकाशा सांगतो आणि तोडायचे की नाही ते थेंब.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रासाठी स्वतंत्र एआय धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद आहे. पैसा येईल, संगणक येतील. पण मॉडेलला लागणारे खरे खाद्य वेगळे आहे: कुठल्या गटात काय पेरले, याच्या बिनचूक नोंदी. महाराष्ट्राकडे त्याचा एक साठा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि अक्षांश-रेखांशासह नोंद करतो. रेंज नसते, सर्व्हर ऐन शेवटच्या तारखेला बसतो, म्हाताऱ्या खातेदाराला शेजारच्या पोराची मनधरणी करावी लागते. हे सारे खरे असूनही इतकी तपशीलवार नोंद आजवर कधी झाली नव्हती. अडचण तिच्या खरेपणाची आहे. नसलेल्या फळबागांचे विमे उतरवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आहेत. पडीक गटावर डाळिंब लिहिले गेले तर विमा योजना फसते आणि त्या नोंदीवर शिकणारे मॉडेलही पडीक माळाला डाळिंब समजू लागते. उलट बाजूही आहे: आसपासच्या हजार खऱ्या नोंदींवर शिकलेले मॉडेल तीच बनावट नोंद चटकन पकडू शकते.

पीकविम्यात यंत्राचा शब्द आता नियमाने मोजला जातो. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३-२४ पासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज काढताना ३० टक्के भार तंत्रज्ञानाला देणे बंधनकारक झाले, पुढच्या वर्षी सोयाबीन आले. उरलेला भार पीक कापणी प्रयोगांचा. मध्य प्रदेशाने तर पूर्ण भार तंत्रज्ञानावर टाकला. कापणी प्रयोग म्हणजे चिठ्ठीने निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, त्यातले पीक कापून, झोडून, वजन करायचे. अशा वेळी शेतात विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि गावकरी दोघे हजर असले की तराजूच्या काट्यावरून कसे खटके उडतात, ते पाहिलेल्याला सांगायला नको. उपग्रह अशा दबावाखाली येत नाही, हा त्याचा गुण.

पण महाराष्ट्रात भरपाईचा घटक अजून महसूल मंडळ आहे. मंडळाची सरासरी बरी आली तर त्यातल्या आडव्या पडलेल्या गावाला काही मिळत नाही. गाव हा घटक धरा, ही शेतकरी संघटनांची मागणी जुनी. गावोगाव कापणी प्रयोग करायला माणसे नाहीत, हे तिला मिळणारे ठरलेले उत्तर. गुंठ्यागुंठ्याचा ठिपका हाती आल्यावर हे उत्तर लंगडे पडते. तरी मॉडेल बनवणारे इथे हात आखडता घेतात, आणि त्यांचे कारण खोटे नाही. मंडळभराच्या हजारो ठिपक्यांत कुठे जास्त, कुठे कमी अशा चुका एकमेकींना खोडून काढतात, म्हणून सरासरी बरी येते. पन्नास-साठ शेतांच्या वाडीत त्या खोडल्या जात नाहीत, तशाच्या तशा भरपाईच्या रकमेत उतरतात. त्यामुळे आकडा गावावर आणायचा असेल तर तराजू घेऊन शेतात जाणारी माणसे कमी करून चालणार नाही. निदान पहिली काही वर्षे ती वाढवावी लागतील, आणि त्या प्रयोगांचे आकडे मॉडेलच्या आकड्याशेजारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे लागतील.