पेल्यामागचं शास्त्र (भाग ७) : पिंपाची उधारी

गेल्या आठवड्यात आपण जवाला मोड आणून माल्ट कसा करतात ते पाहिलं. आता त्याच माल्टपासून निघालेल्या बिअर आणि व्हिस्की या दोन भावांच्या वाटण्या पाहू.

दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजला की स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी हॉप्स घालून उकळलं आणि यीस्टने आंबवलं की झाली बिअर. स्कॉच करणारे हॉप्स घालत नाहीत, उकळतही नाहीत, तसंच आंबवतात. दोन-तीन दिवसांत ७ ते ९ टक्के अल्कोहोलचा ‘वॉश’ तयार होतो. अमेरिकेत त्याला सरळ ‘डिस्टिलर्स बिअर’ म्हणतात. तो तांब्याच्या भांड्यात तापवून वाफ थंड केली की दारू उतरते, पण पाण्यासारखी बिनरंगाची. व्हिस्कीचा रंग आणि निम्मीअधिक चव यायची असते पिंपातून.

इथे अमेरिकेचा कायदा मध्ये येतो. बर्बन या तिथल्या व्हिस्कीत मका किमान ५१ टक्के हवा आणि ती आतून जाळलेल्या, नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच मुरायला हवी. पिंप आतून पेटवतात. मिनिटभरात लाकूड काळं पडून मगरीच्या पाठीसारखे खवले सुटतात. त्या कोळशामागच्या थरात लाकडातल्या साखरेचं कॅरमल होतं, लिग्निनमधून व्हॅनिलाचा वास सुटतो. उन्हाळ्यात दारू फळ्यांत शिरते, थंडीत बाहेर येते, आणि येताना हे सगळं घेऊन येते.

असं सुमारे २०० लिटरचं पिंप एकदा रिकामं झालं की बर्बनला पुन्हा चालत नाही. पण हिंग संपला म्हणून डबीचा वास जात नाही. फळ्यांनी काही लिटर बर्बन पिऊन ठेवलेली असते. १९९०च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड या ब्रूअरीने जिम बीम बर्बनची अशी पिंपं आणून त्यांत दाट, काळी स्टाउट मुरवली. लाकडातली बर्बन बिअरमध्ये उतरली, व्हॅनिला उतरला, कडकपणाही वाढला. हलकी लागर या वासाखाली दबून गेली असती; स्टाउट त्याला पुरून उरली. धोका एकच : साठ टक्क्यांच्या दारूत न टिकणारे जंतू दहा-बारा टक्क्यांच्या बिअरमध्ये तग धरतात आणि अख्खं पिंप आंबट करून टाकतात.

उलटा प्रवासही झाला. स्कॉटलंडच्या विल्यम ग्रँट कंपनीला बिअरचा वास लागलेल्या पिंपात व्हिस्की मुरवायची होती. त्यासाठी डूगल शार्प या ब्रूअरने खास बिअर बनवून दिली. पिंपं भिजली की बिअर ओतून द्यायची, असं ठरलेलं. पण डिस्टिलरीतल्या कामगारांनी ती चाखून पाहिली आणि ओतायची सोडून प्यायला लागले! त्यातूनच २००३मध्ये ‘इनिस अँड गन’ बाजारात आली. व्हिस्की मूळची बिअरच. तिने घेतलेली उधारी लाकडाने अशी फेडली.

बर्बनची ही पिंपं आपल्या शेजारी गोव्यातही पोचली आहेत : कुंकळ्ळीत पॉल जॉन डिस्टिलरीची सिंगल माल्ट व्हिस्की त्यांत मुरते. तिथल्या उकाड्यात मात्र पिंपातून दारू चोरपावलांनी उडून जाते, स्कॉटलंडच्या कितीतरी पट. ती नेतं कोण? ‘देवदूतांचा वाटा’ पुढच्या भागात.