निवृत्तीनंतरचे दहा ते पाच

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ माझ्या दवाखान्यात येऊ लागले. सकाळी दहाच्या सुमारास छातीत धडधड होते, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, अशी त्यांची तक्रार होती. ईसीजी काढला, तो चांगला निघाला. रक्तदाब थोडा वाढलेला आणि साखर काठावर होती. मी ॲसिडिटीची गोळी देऊन त्यांना परत पाठवले. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. आता झोप येत नाही म्हणाले. मी झोपेची गोळी लिहून दिली. तिसऱ्या खेपेला सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही गोळ्या देता ते ठीक आहे. पण हे रोज दहा वाजले की इस्त्रीचा शर्ट-पँट घालून, खिशाला पेन लावून बैठकीत बसतात. कुठं जायचं नसतं. पाच वाजले की कपडे बदलतात. निवृत्त झाल्यापासून चार महिने हेच चाललंय."

मी मान खाली घातली. छाती तपासली, रक्त तपासले, पण या माणसाचा दिवस कसा जातो हे मी विचारलेच नव्हते. रोग दिवसात होता आणि मी तो छातीत शोधत होतो. तेव्हापासून साठीच्या पुढचा रुग्ण आला की, भूक-झोप विचारतो तसाच एक प्रश्न आवर्जून विचारतो : "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करता?" या प्रश्नाच्या उत्तरातून अनेकदा अर्धे निदान होऊन जाते.

रिकामा दिवस शरीराला कसा बाधतो?

नोकरदार माणूस अठ्ठावन किंवा साठाव्या वर्षी घरी बसतो. सत्काराचा हार, शाल, श्रीफळ, सहकाऱ्यांची भाषणे होतात. पहिले दोन महिने मजेत जातात. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट होते. लेकीकडे जाऊन येणे होते. फंडाच्या पैशाची विल्हेवाट लागते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. साठी गाठलेल्या माणसाला आपल्या देशात सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षांचे आयुष्य असते. म्हणजे जवळजवळ अर्ध्या नोकरीइतका काळ समोर असतो आणि त्याचे वेळापत्रक कोणीच करून दिलेले नसते.

कचेरीत जाताना नकळत चालणे होत असे. जिने चढणे होई, दहा माणसांशी बोलणे होई. ते सगळे एका दिवसात बंद पडते. दुपारी दोन-दोन तास झोप काढली जाते, मग रात्री डोळा लागत नाही. चहाच्या फेऱ्या वाढतात, तंबाखू-सुपारी वाढते. हालचाल कमी झाल्याने बद्धकोष्ठ होतो, वजन वाढते, साखर आणि रक्तदाब डोके वर काढतात. वयाबरोबर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू तसेही कमी होत असतात, बैठ्या माणसाचे ते लवकर जातात. मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, तोल जातो, आणि एखाद्या दिवशी न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडते.

मनाचे दुखणे तर आणखी फसवे असते. आपल्याकडे वयस्क माणूस "मला उदास वाटते" असे सहसा म्हणत नाही. तो अंगदुखी सांगतो, गॅसेस सांगतो, छातीत धडधड सांगतो. म्हणून पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये : कशातच गोडी न वाटणे, पहाटे तीन-चारला जाग येऊन मग झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, वजन घटणे, "आता माझी काय गरज" अशी भाषा तोंडी येणे. हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. घरातल्या माणसांनी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. '१४४१६' या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मोफत मिळतो.

दुसरे टोक : निवृत्त, पण उसंत नाही

आता याच्या अगदी उलटचा रुग्ण पाहा. एक निवृत्त गुरुजी. पहाटे दूध आणणे, नातवाला शाळेत सोडणे, वीजबिल, बँक, गॅसचा नंबर, सुनेच्या नोकरीमुळे दुपारी धाकट्या नातीला सांभाळणे, संध्याकाळी भाजी. वर कॉलनीच्या मंदिराचे कोषाध्यक्षपद आणि भावकीतल्या लग्नांची मध्यस्थी. "गुरुजी रिकामेच आहेत" या एका वाक्यावर सगळ्यांची कामे त्यांच्याकडे यायची.

एके दिवशी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात आणले. अंग घामाने थबथबलेले, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध होते. सोबतच्यांना वाटले अर्धांगाचा झटका आला. साखर तपासली तर ती फार उतरलेली होती. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती, पण शाळेची रिक्षा चुकली म्हणून नातवाला घेऊन धावले, तिकडून रेशनच्या रांगेत उभे राहिले आणि नाश्ता राहून गेला. ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत शुद्धीवर आले आणि पहिला प्रश्न विचारला, "नातीला शाळेतून कोण आणील?"

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. औषध घेतले की जेवण वेळेवर झालेच पाहिजे. खिशात साखर, गूळ किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसताच ती तोंडात टाकावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

गुरुजींचे दुखणे औषधाचे कमी आणि "नाही" म्हणता न येण्याचे जास्त होते. त्यांच्या मुला-सुनेला बोलावून घेतले. कामे कागदावर लिहून काढली आणि वाटून दिली. नातवाला शाळेत सोडणे गुरुजींनी आनंदाने स्वतःकडे ठेवले. कोषाध्यक्षपद सोडले. दुपारी दोन ते चार हा वेळ त्यांचा एकट्याचा, असे ठरले. त्या वेळात ते काय करतात असे मी एकदा विचारले. म्हणाले, "काहीच नाही, डॉक्टर. लिंबाखाली बाज टाकून पडतो. चाळीस वर्षांत कधी जमलं नव्हतं."

बाईमाणसाची निवृत्ती

वाचकहो, या विषयात एक गोष्ट हमखास विसरली जाते. इस्त्रीचा शर्ट घालून बसणाऱ्या त्या गृहस्थांच्या पत्नी निघताना दाराशी थांबून म्हणाल्या, "हे निवृत्त झाले, आता दिवसातून चार वेळा चहा जास्त करावा लागतो. मी कधी निवृत्त व्हायचं?" हसण्यावारी नेण्यासारखे हे वाक्य नव्हे. साठीच्या स्त्रिया गुडघे धरून, कंबर धरून माझ्याकडे येतात, आणि ओट्यापुढचे उभे राहणे काही सुटत नाही. नवरा घरी बसल्यावर तिचा दुपारचा तासभर विसावाही जातो. मैत्रिणीकडे जाणे, भजनाला जाणे बंद होते.

निवृत्त पुरुषाला कामच हवे असेल तर ते घरातच आहे. स्वतःचा चहा स्वतः करावा, भाजी निवडावी, अंथरूण घालावे-काढावे, आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाकघर सांभाळावे. याने दोन माणसांची प्रकृती सुधारते, हा माझा अनुभव आहे.

आपल्याच मुलखातली दोन उदाहरणे

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावी १९१६ साली जन्मलेले नानाजी देशमुख १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आले होते. साठी उलटल्यावर, ऐन भरात असताना, त्यांनी सत्तेचे राजकारण सोडले आणि उत्तर प्रदेशातील गोंडा व पुढे चित्रकूट भागात ग्रामविकासाचे काम उभे केले. २०१० साली ९३ व्या वर्षी त्यांचे चित्रकूटला निधन झाले. मते कोणाची काहीही असोत, साठीनंतर तीस वर्षांचे दुसरे आयुष्य उभे करता येते, हे त्यांनी दाखवले.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकरांचे. बीडचे हे गृहस्थ १९९९ साली उच्च न्यायालयाच्या न्यायासनावरून उतरले आणि त्यानंतर शांतपणे लिहीत राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्धा येथील ९६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, तेव्हा त्यांचे वय ८४ होते. २०२५ च्या जानेवारीत ते गेले. लेखन-वाचनाची आवड त्यांनी नोकरी संपल्यावर शोधून काढली नव्हती, ती आधीपासून जोपासलेली होती. पन्नाशीत असलेल्या वाचकांनी एवढे मनावर घ्यावे. निवृत्तीची तयारी फंडाच्या हिशेबाने संपत नाही.

अर्थात सर्वांनी एवढे मोठे काही करावे असे नाही. आणि निवृत्ती हा शब्दच मुळी नोकरदारांचा आहे. लोहा-कंधारकडचा शेतकरी, मोंढ्यातला हमाल, धुणीभांडी करणारी बाई यांना कोणी निरोपसमारंभ करीत नाही, शरीर थकेपर्यंत ते राबतात. त्यांना 'गुंतून राहा' हा सल्ला देणे म्हणजे थट्टाच. त्यांच्यासाठी विसावा हेच औषध आहे. पेन्शन घेणाऱ्यांनी फावल्या वेळात अशा एखाद्याचा निराधार योजनेचा अर्ज भरून दिला, तरी ते मोठे काम होईल.

दिवसाचे चार वाटे करा

पहिला वाटा शरीराचा. आठवड्यातून निदान १५० मिनिटे दमदार चालावे, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेची हीच शिफारस आहे. सोबत तोल आणि स्नायू यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे एवढेही पुरते. आपल्याकडचा उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत फिरून यावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अंथरुणातून एकदम उठू नये, मिनिटभर काठावर बसावे.

दुसरा वाटा माणसांचा. रोज घराबाहेरच्या एका तरी माणसाशी समोरासमोर बोलावे. मोबाइलवर सुप्रभातचे फूल पाठवणे यात धरू नये. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, भजनी मंडळ, गोदाकाठचा फेरफटका, जे रुचेल ते करावे. नांदेडकरांना तर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमधील सेवेची परंपरा डोळ्यांसमोर आहे. तिथे पोळ्या लाटणाऱ्या हाताला कोणी हुद्दा विचारत नाही. एसटीने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत आणि ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला आहे. त्याचा लाभ घेऊन जुन्या मित्राच्या गावी जाऊन यावे.

तिसरा वाटा बुद्धीचा. 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात, पण ती सर्वांची नासत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणे सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठे जीवन आणि एकाकीपणा यांच्या जोडीला ऐकू कमी येणे आणि दृष्टिदोष हीही आहेत. म्हणून मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका आणि कानाच्या यंत्राची लाज धरू नका. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठतो आणि हळूहळू माणसांतूनच उठतो. विसरभोळेपणा वाढला तर थायरॉइड व बी-१२ तपासून घ्यावे.

चौथा वाटा स्वतःचा. हा तासभर कोणाचाही नाही. नातवाचाही नाही, मंडळाचाही नाही. वाचा, पेटी वाजवा, झाडांना पाणी घाला किंवा नुसते बसा. घरच्यांना हा तास सांगून ठेवा. गृहिणीलाही असा तास मिळतो आहे ना, हे पाहणे घरातील सर्वांचे काम आहे.

त्या लिपिक गृहस्थांचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. झोपेची गोळी मी हळूहळू बंद केली. ते घराजवळच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करून देऊ लागले, सकाळी दहा ते बारा. धडधड थांबली. रक्तदाबाची गोळी मात्र चालू आहे, ती काही वाचनालयाने सुटली नाही. परवा आले तेव्हा खिशाला पेन होते, पण शर्टाला इस्त्री नव्हती. मी विचारले, तर म्हणाले, "वेळच मिळाला नाही, डॉक्टरसाहेब. सकाळचा चहा आता माझ्याकडे आहे."