देवणी : गाईला नाव देणारे गाव

उदगीरहून दक्षिणेला निघालात की थोड्याच अंतरावर देवणी लागते. कर्नाटकाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. १९५६ पर्यंत हा सारा उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात होता, मग तो उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. आज देवणी स्वतःच तालुक्याचे गाव आहे. कचेऱ्या आल्या, दुकाने वाढली; पण परमुलखात या गावाची ओळख सांगायची तर अजूनही गाईबैलांचीच सांगावी लागते. गावाचे नाव जनावराच्या जातीला मिळावे, हा मान फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो.

वाचकहो, देवणी जनावर ओळखायला सोपे. गीर, डांगी आणि इथली गावरान गुरे यांच्या मिसळीतून ही जात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात तयार झाली. पुढे आलेले कपाळ आणि लोंबते कान गीरचे. रंगावरून तीन प्रकार पडतात. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या, वानराची आठवण व्हावी अशा, तो वानेरा. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असतील तर शेवेरा. वरून सगळे पांढरे, पोटाखाली तेवढे काळे डाग, तो बाळंक्या. जाणता माणूस बाजारात दुरूनच हे सांगतो.

पण रंगाने पोट भरत नाही. या जातीचे खरे मोल दुहेरी आहे. गाय घरापुरते दूध देते आणि तिचा गोऱ्हा भारी काळ्या रानात औताला टिकतो. दूध किती? एका वेताला सरासरी साडेआठशे ते नऊशे लिटर धरा. संकरित गाईपुढे हा आकडा लहानच, उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. मात्र दूध घट्ट, आणि ऊन, गोचीड, कोरडा चारा सोसण्याची ताकद अंगभूत. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा मुलखातली ही गाय आहे.

मग अडचण कुठे आहे? पहिली गव्हाणीत. या भागात सोयाबीन आले आणि ज्वारी हटली. ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेत नाही, हे ज्या घरधनिणीच्या हाती गोठा आहे तिला कोणी सांगायला नको. दुसरी अडचण ट्रॅक्टरची. नांगरट त्याच्याकडे गेल्यावर बैलजोडी वर्षभर पोसायची कशाला, असा प्रश्न घरातली तरुण मुले विचारतात, आणि तो चुकीचा नाही. त्यात २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे थकल्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नाही. तो दावणीलाच राहतो आणि चारा मागतो.

या सगळ्यांहून मला मोठी वाटते ती अडचण वळूची. आपल्याकडे होते काय, तर सर्वांत देखणा, उंच गोऱ्हा दिसला की तो बैल करायचा, कारण जोडीला बाजारात पैसे येतात. बैल झाला म्हणजे त्याचा वंश तिथेच थांबला. गाईंना मग मिळेल तो वळू. गाय माजावर आली आणि देवणीचे रेत हाताशी नसले तर असेल ते भरवून मोकळे होतो. दोन-तीन पिढ्यांत कपाळ बदलते, कान बदलतात, आणि गोठ्यात उरते ते धड दुधाचेही नाही आणि धड औताचेही नाही.

म्हणून आपल्या गोठ्यात चांगली देवणी गाय असेल तर गाय माजावर येण्याआधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात देवणीच्या रेताची चौकशी करून ठेवा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल. चार-पाच घरांनी मिळून एक गोऱ्हा वळू म्हणून राखला तर वैरणीचा भार वाटला जातो. त्याची निवड करताना शिंगे आणि रंग नंतर बघा, आधी त्याच्या आईचे दूध बघा. दर वेताला सकाळ-संध्याकाळचे दूध मापून घरातल्या शाळकरी मुलीला वहीत लिहायला लावा. गोऱ्हा विकायला नेलात तर ती वही बरोबर न्या, आणि घ्यायला गेलात तर समोरच्याकडे मागा.