हारतुऱ्यांच्या आधी घटना

वाचनालयावर नवे विश्वस्त आले, की पूर्वी शाल, श्रीफळ, चहा आणि एक फोटो यावर भागत असे. आता चिटणीस या नात्याने मी त्यांच्या हाती आधी संस्थेची घटना ठेवतो. चेहरे जरा उतरतात खरे!

पण १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा विश्वस्ताला शोभेचा मानत नाही. मंडळ बदलले, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल कळवावा लागतो. जागा विकायची असो, की इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असो, धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी हवी. आमच्याकडे एका उत्साही नव्या विश्वस्तांनी तळमजला पाच वर्षांसाठी दुकानाला देण्याचा ठराव आणला होता. हेतू चांगलाच, भाड्यातून बालविभागाला पुस्तके यायची होती. नियम वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "अहो, मग निवडून आलो त्याच दिवशी सांगायचं ना!"

तेव्हापासून घटनेबरोबर तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि इतिवृत्ताची वही घरी पाठवतो. शिवाय एक संध्याकाळ देवघेवीच्या टेबलाशी बसायचे. पुस्तक मिळाले नाही म्हणून चिडलेले वाचक जे शिकवतात, ते कुठल्याच वहीत नसते.

परवा नव्या विश्वस्त बाईंनी अहवालावर बोट ठेवून विचारले, "अनामत वाचकांची ना? मग ती खर्चात कशी?" खजिनदारांनी चष्मा पुसला. उत्तर पुढच्या सभेत मिळायचे आहे.