धरमपेठेच्या काउंटरवरचं तंत्रज्ञान: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपुरात माहिती तंत्रज्ञान कुठे आहे, असं विचारलं की लोक गायत्रीनगरच्या आयटी पार्ककडे नाहीतर मिहानकडे बोट दाखवतात. सॉफ्टवेअर तिथे लिहिलं जातं, हे खरंच आहे. पण त्यावर धंदा कसा चालतो ते बघायचं तर धरमपेठेत लक्ष्मीभवन चौकातून गोकुळपेठ बाजारापर्यंत पायी जावं. किराणा दुकान, सराफी पेढी, औषधविक्रेता, पॅथॉलॉजी लॅब, पोह्यांचा ठेला, सगळीकडे काही ना काही स्कॅन होत असतं. वापर भरपूर वाढला, पण ही साधनं नेमकं काय करतात याची जाण त्या वेगाने वाढली नाही. त्यामुळे काही जण यंत्रावर नको तेवढा भरवसा टाकतात, तर काही विनाकारण धास्तावतात.

किराणा दुकानापासून सुरुवात करू. ‘बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतीय’ हा संदेश व्हॉट्सॲपवर दर दिवाळीला नव्याने फिरतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ८९० एवढंच सांगतो की त्या कंपनीने आपला क्रमांक जीएसवन इंडिया या संस्थेकडून घेतला आहे. माल कुठल्या देशात तयार झाला, ते त्या आकड्यात नसतं. ते पाकिटावर शब्दांत छापलेलं असतं आणि तेच वाचावं लागतं.

बारकोडमध्ये किंमत असते, हाही असाच एक समज. त्या काळ्या रेघांमध्ये फक्त तेरा आकडे असतात. स्कॅनर ते वाचतो, दुकानाचा संगणक आपल्या यादीत तो क्रमांक शोधतो आणि तिथे दुकानदाराने भरलेला भाव बिलावर येतो. म्हणून पाकिटावर एक किंमत आणि बिलात दुसरी, असं झालं तर दोष रेघांचा नसतो. यादीतला भाव बदलायचा राहिलेला असतो. तेराव्या आकड्याचं काम मात्र मोठं सुरेख आहे. समजा, पहिले बारा आकडे ८९०१२३४५६७८९ आहेत. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले की २८ येतात. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. ही बेरीज दहाच्या पटीत आणण्यासाठी जेवढे लागतील तेवढा तेरावा आकडा, इथे शून्य. स्कॅनरने एक आकडा जरी चुकीचा वाचला, तरी हिशेब जुळत नाही आणि तो ‘टिक’ करत नाही. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, तेव्हापासून दुकानदारी या पडताळणीवर चालली आहे. क्रमांक बरोबर वाचला गेला, याची खात्री ती देते. पाकिटातल्या मालाची खात्री तिला देता येत नाही.

आता क्यूआर कोड. यूपीआय २०१६ मध्ये आलं, तरी ठेल्यावर लावलेल्या त्या चौकोनात काय असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. त्यात पैसे नसतात, खात्याची चावीही नसते. दुकानदाराचा यूपीआय पत्ता आणि नाव, मुख्यतः एवढंच असतं. हा कागद छापलेला असल्याने दुकानदाराकडे इंटरनेट नसलं तरी चालतं. रक्कम ग्राहक आपल्या मोबाइलवर टाकतो आणि पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात. ‘अमुक रुपये प्राप्त हुए’ असं बोलणाऱ्या डब्याचा ग्राहकाच्या मोबाइलशी काहीच संबंध नसतो. त्यात स्वतःचं सिम असतं आणि पैसे जमा झाल्याचा निरोप त्याला पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून येतो. म्हणून ग्राहकाने दाखवलेला हिरवा टिकमार्क किंवा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. असे खोटे स्क्रीन बनवणारी ॲप्स आहेत. गर्दीच्या वेळी दुकानदाराने डब्याचा आवाज ऐकावा, नाहीतर आपलं खातं बघावं. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी तसं सांगत असेल तर तिथेच थांबावं.

‘यूपीआयवर दोन टक्के कापतात’ ही तक्रार क्रेडिट कार्डाच्या अनुभवातून आली आहे. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. बोलणाऱ्या डब्याचं भाडं लागतं, ते वेगळं.

जीएसटीची भीती याहून मोठी आहे. २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून नोटिसा गेल्या आणि काही दुकानांतून क्यूआर कोड उतरवून फक्त रोख घेणं सुरू झालं. कायदा पैसे कोणत्या वाटेने आले ते बघत नाही, उलाढाल बघतो. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या वर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर नोंदणी लागते. रोखीची विक्रीही त्यात धरली जाते. ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही. गोकुळपेठेतल्या भाजीवालीने घाबरून कोड उतरवला, तर तिचं गिऱ्हाईक जाईल आणि कराच्या हिशेबात काडीचाही फरक पडणार नाही. ही गोष्ट तिला कोणीतरी नीट बसून समजावून सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सोन्याच्या बाबतीत गैरसमज सर्वांत महाग पडतो. इतवारीचा सराफा जुना असला तरी लग्नाच्या खरेदीला धरमपेठेतल्या पेढ्यांतही गर्दी असते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक (एचयूआयडी) असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. ‘ॲपने सोनं तपासलं’ असं ग्राहक म्हणतात. ॲप सोनं तपासत नाही. तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात होते: आधी एक्स-रे यंत्राने, मग दागिन्याचा कणभर नमुना काढून भट्टीत. तिथला निष्कर्ष नोंदवला जातो आणि बीआयएस केअर ॲप ती नोंद तुमच्यापुढे ठेवतं. म्हणून स्क्रीनवर ‘वैध’ दिसलं की फोन खिशात घालू नये. पुढच्या ओळी वाचाव्यात: दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी. हातात बांगडी आहे आणि नोंदीत अंगठी दिसते, तर तो क्रमांक त्या बांगडीचा नाही. घडणावळ योग्य लावली का, हे ॲप सांगत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सक्ती नाही, तेव्हा तिथे क्रमांक नाही म्हणजे फसवणूक असंही नाही. घरातलं जुनं सोनं क्रमांक नसला तरी मोडता येतं.

औषधांच्या दुकानातही कोड स्कॅन करून त्यामागची नोंद बघण्याची हीच पद्धत आहे. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत अशी माहिती असते. तो फक्त दुकानदारासाठी आहे, असं समजून आपण तो स्कॅनच करत नाही.

तंत्रज्ञानाचा फायदा महागड्या सॉफ्टवेअरनेच होतो, हेही खरं नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या मच्छीमारांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाइल आला आणि मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांचे भाव विचारू लागले. न विकल्यामुळे फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. हे सगळं साध्या फोनवरच्या बोलण्यातून झालं. काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार गाडी भरण्याआधी नागपूरच्या कळमना बाजारातला भाव फोनवर विचारतो, तेव्हा तोही हेच करत असतो.

शेवटी बिलिंग काउंटरवरचा रोजचा प्रश्न, ‘मोबाइल नंबर?’ नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही, असं ग्राहकांना आणि अनेकदा काउंटरवरच्या मुलांनाही वाटतं. तो नंबर बहुतेक वेळा जाहिरातींचे संदेश आणि गुणांच्या योजनेसाठी हवा असतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलं आहे की नंबरासाठी अडवणूक करू नये. द्यायचा नसेल तर ‘नाही’ म्हणा, आणि छापील बिल मागून घ्या.