टेप लोड होत नाही? आधी पट्ट्या बघा

लोणार सरोवराच्या काठचा काळा दगड ही एक चुंबकीय नोंद आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहयुक्त कणांनी पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. ती आजही मोजता येते. कॅसेटच्या फितीवरचे लोह-ऑक्साइडचे कण हेच काम करतात. लोणारच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांत गजानन महाराजांची आरती ज्या फितीवर वाजायची, तसल्याच फितीवर १९८०च्या दशकात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम साठवत!

ब्रिटनचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा असाच एक कॉम्प्युटर पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन भारतात आणला. साठवणीला घरचा टेपरेकॉर्डर. मेमरी ४८ केबी. ती पूर्ण भरायला सुमारे साडेचार मिनिटं आणि बारा मीटरहून जास्त फीत लागे.

या मशीनची सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे ते आपलं दुखणं रंगांत सांगतं. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्ट्या सरकू लागल्या की सुरुवातीची शिट्टी ऐकू आली. पिवळ्या-निळ्या पट्ट्या म्हणजे डेटा येतोय. पट्ट्याच नाहीत? मग आवाज पोचतच नाहीये: वायर ‘इअर’च्या खाचेत आहे का बघा, आवाज पाऊण पातळीवर ठेवा, ट्रेबल वाढवा, डॉल्बी बंद ठेवा. पट्ट्या दिसूनही शेवटी ‘टेप लोडिंग एरर’ आला, तर डेटा पोचला पण ताळा जुळला नाही. अशा वेळी टेपरेकॉर्डरचं फीत वाचणारं हेड स्पिरिटनं पुसा. तरीही नाही? हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवा. हेड तिरकं असेल तर बारीक आवाज बोथट होतो, आणि या डेटाचा जीव त्यातच असतो. स्क्रू फिरवताना कान लावा. आवाज सगळ्यांत तीक्ष्ण होईल तिथं थांबा.

हा डेटा म्हणजे शून्य आणि एक यांचे आवाज. ‘एक’ हा आकडा ‘शून्या’च्या दुप्पट वेळ वाजतो, त्यामुळे एकाच लांबीच्या दोन प्रोग्रॅमना लागणारा वेळही वेगळा असू शकतो.

नेदरलँड्समध्ये तर त्या काळी रेडिओवरून प्रोग्रॅम प्रसारित होत. श्रोते ती कर्कश किरकिर टेप करून कॉम्प्युटरला ऐकवत!

आज कॅसेट हवीच असं नाही. जुन्या टेपची ऑडिओ फाईल मोबाइलवरून ‘इअर’मध्ये वाजवली तरी स्पेक्ट्रम ती मुकाट वाचतो. फोन आधी फ्लाइट मोडवर टाका. मध्येच मेसेजचा ‘टिंग’ वाजला तर तोही डेटा समजला जातो.